‘तुमची ऊर्जा अडली आहे’ असं चिनी वैद्य सांगतात तेव्हा

पत्र थोडक्यात असं: ‘मी ४७ वर्षांची, गेली काही वर्षं सिंगापूरला राहते, हिशेबाचं बैठं काम करते. वर्षभर डावा खांदा आणि मान आखडते. छाती दडपल्यासारखी होते, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. ऑफिसच्या एसीत बोटं पांढरी पडतात. पाळी मागेपुढे होते, त्या दिवसांत ओटीपोटात कळा येतात. पहाटे दोन-तीनला जाग येते ती येतेच. शेजारीण एका चिनी वैद्यांकडे घेऊन गेली. त्यांनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, जिभेखालच्या शिरासुद्धा पाहिल्या आणि म्हणाले, यकृताची ऊर्जा अडली आहे, त्यामुळे रक्तही साकळलं आहे. सुया (ॲक्युपंक्चर), कपिंग आणि औषधाच्या पुड्या, असं १२ बैठकांचं पॅकेज सांगितलं. नवरा म्हणतो, थोतांड आहे. सासूबाई म्हणतात, हा तर आपला वात. सासरे सध्या आमच्याकडे आहेत. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, पायांना मुंग्या येतात, आणि आता त्यांनाही त्याच पुड्या हव्या आहेत. यात खरं किती आणि मी काय करू?’

प्रिय ताई,

आधी सासऱ्यांचं सांगते, कारण ते थांबण्यासारखं नाही. त्यांना त्या पुड्या देऊ नका, एकही नको. यांत्रिक झडप बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवण्यासाठी जन्मभर वॉरफरिन घ्यावं लागतं, आणि ऊतीपासून बनवलेली झडप असली तरी अशी काही ना काही गोळी बऱ्याचदा चालू असते. साकळलेलं रक्त हलवण्यासाठी चिनी वैद्य जी औषधं देतात त्यांत डानशेन आणि डांगग्वे ही दोन मुळं वारंवार येतात. दोन्ही वॉरफरिनचा परिणाम वाढवतात. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, चढतो आणि मग हिरड्यांतून, लघवीतून, आतड्यातून किंवा मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. वनस्पती आहे म्हणून सौम्य, हा हिशेब इथे चालत नाही. पायांच्या मुंग्यांसाठी त्यांची साखर आणि बी-१२ तपासून घ्या आणि पावलांच्या नाड्या लागतात का ते डॉक्टरांना पाहू द्या. पुडी एखाद्या वेळी घेऊन झाली असेल तर लगेच आयएनआर करून घ्या. ते रागावतील म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका.

दुसरं तुमचं. एवढ्या लांब पत्रात ईसीजीचा उल्लेख कुठेच नाही. डावा खांदा, छाती दडपणं आणि वय ४७. बहुतेक वेळा हे स्नायूंचं, ताणाचं किंवा आम्लपित्ताचं निघतं, हे खरं. पण बायकांमधला हृदयविकार अनेकदा असाच, छातीत जोराची कळ न येता, दडपण, खांदा, जबडा, दम आणि थकवा या वाटेने येतो. त्यामुळे या आठवड्यात पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यात जा. ईसीजी, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एवढं करून घ्या. बोटं पांढरी पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन झिणझिणतात, असा क्रम असेल तर तोही सांगा. त्याला रेनॉड म्हणतात. तो बहुतेकांच्या बाबतीत निरुपद्रवी असतो, पण चाळिशीनंतर नव्याने सुरू झाला असेल तर मागे एखादा संधिवाताच्या जातीचा आजार आहे का, हे पाहावं लागतं. आणि चालताना किंवा जिना चढताना छाती दडपत असेल, घाम फुटत असेल, तर आठवड्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. बसल्या जागी तसं होऊन काही मिनिटांत थांबलं नाही, तर रुग्णवाहिकेसाठी ९९५ ला फोन करा.

आता तुमचा मूळ प्रश्न. वैद्यांनी जे सांगितलं ते मनाला येईल तसं बोललेलं नाही. त्यामागे दोन हजार वर्षांची विचारांची एक बांधीव पद्धत आहे, आणि ती समजून घेतली तर त्यातलं काय घ्यायचं नि काय सोडायचं, ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

चिनी वैद्यकाच्या मते शरीरात ‘ची’ आणि रक्त ही जोडी सतत फिरत असते. ‘ची’ म्हणजे हालचाल घडवणारी, ऊब देणारी, अन्न पचवणारी, रक्ताला पुढे ढकलणारी शक्ती. ती मुख्य १२ वाहिन्यांतून आणि त्यांना जोडणाऱ्या फाट्यांतून फिरते. ‘ह्वांगदी नेइचिंग’ या त्यांच्या मूळ ग्रंथात सम्राट आणि त्याच्या वैद्याचा संवाद आहे, आणि त्यात एका ठिकाणी या १२ वाहिन्यांची सांगड तेव्हाच्या चीनमधल्या १२ नद्यांशी घातली आहे. नद्यांना बांध घालणं, कालवे काढणं, पूर आवरणं यावर ज्यांचं राज्य टिकून होतं, त्यांना शरीरही तसंच दिसलं, हे मला फार स्वाभाविक वाटतं. त्यातूनच त्यांच्याकडची म्हण आली: वाहतं तिथे दुखत नाही, दुखतं तिथे वाहत नाही.

प्रवाह का अडतो? त्याच ग्रंथाच्या ३९व्या प्रकरणात सम्राट वेदनेबद्दल विचारतो. उत्तरात पहिला क्रमांक थंडीचा लागतो: गारठा वाहिनीत शिरला की तिथला प्रवाह मंदावतो, गोठतो, आणि दुखू लागतं. त्याच प्रकरणात पुढे भावनांचा हिशेब आहे. रागाने ‘ची’ वर चढते, भीतीने खाली जाते, दुःखाने विरते, आणि मनात तेच ते घोळत राहिलं की तिची गाठ बसते. हे वाचताना मी थबकते. रोज बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला ही माणसं ओळखीची वाटतील. याशिवाय मार, एकाच जागी बसून राहणं, खाण्यापिण्यातून साचलेला ओलावा आणि कफ, आणि मुळातच शक्ती कमी पडणं ही कारणंही ते मानतात.

आता यकृत. चिनी वैद्य यकृत म्हणतात तेव्हा सोनोग्राफीत दिसणारा अवयव एवढाच अर्थ नसतो. ‘ची’ सगळीकडे मोकळी फिरती ठेवणं आणि रक्त साठवणं, ही कामं त्यांनी यकृताकडे दिली आहेत. मन मारून जगणं, राग गिळणं, कामाचा ताण, याने ते काम बिघडतं असं ते मानतात. मग बरगड्यांखाली आणि छातीत दाटल्यासारखं होतं, वरचेवर उसासे येतात, पाळीआधी स्तन दुखतात, पाळी चुकते. म्हणून तुमचं यकृत बिघडलंय असं समजून घाबरू नका. त्यांच्या निदानावरून यकृताच्या आजाराबद्दल काहीच कळत नाही.

यात मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो त्यांनी वेदनेत केलेला भेद. ‘ची’ अडली असेल तर दुखणं ताठल्यासारखं, फुगल्यासारखं असतं. आज इथे, उद्या तिथे. मन ठीक असलं की कमी, भांडण झालं की जास्त. रक्त साकळलं असेल तर दुखणं एकाच जागी ठाण मांडतं, सुईने टोचल्यासारखं होतं, रात्री वाढतं, दाबलेलं सोसत नाही. पाळीत काळसर गाठी पडतात, जिभेच्या कडा जांभळट होतात, जिभेखालच्या शिरा फुगलेल्या आणि गडद दिसतात. तुमच्या वैद्यांनी जिभेखाली पाहिलं ते यासाठी. आणि मनगटावर तीन बोटं ठेवून जी नाडी पाहिली ती ताणलेल्या तारेसारखी लागली, तर तीही यकृताची खूण मानतात. दोन्हींचा क्रमही ठरलेला आहे: ‘ची’ ही रक्ताची सेनापती, म्हणून आधी ती अडते आणि मग रक्त रेंगाळतं.

तुमच्या घशाबद्दल तर अगदी नेमकं वर्णन आहे. इसवी सन २०० च्या सुमाराला झांग झोंगजिंग या वैद्याने लिहून ठेवलंय की स्त्रियांना घशात भाजलेल्या मांसाचा तुकडा अडकल्यासारखं वाटतं. पुढच्या वैद्यांनी त्याला आलुबुखारासारख्या फळाच्या आठळीची उपमा दिली, ना गिळता येते ना थुंकता येते अशी आठळी. त्यावरचा बानश्या होऊपो काढा आजही दिला जातो. आमच्या आधुनिक वैद्यकाच्या पुस्तकांत याच त्रासाला ग्लोबस म्हणतात. घास गिळताना अडचण नाही, पण रिकामा आवंढा गिळताना गोळा जाणवतो, आणि ताणात वाढतो. वर्णन एकच आहे. (घासच अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा आवाज बसला असेल, तर मात्र हे ग्लोबस नाही. तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायचं.)

तर नवऱ्याला सांगा की हे थोतांड नाही. पण एवढ्याने ते सगळं खरंही ठरत नाही. निरीक्षण बारकाईचं असणं आणि त्यामागचं कारण बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चिनी वैद्यकाच्याच इतिहासात याचं एक ठळक उदाहरण आहे.

वांग चिंगरेन नावाचे वैद्य होते, जन्म १७६८, मृत्यू १८३१. जुन्या ग्रंथांतली अवयवांची चित्रं त्यांना पटत नव्हती. १७९७ साली लुआनझोऊ भागात मुलांमध्ये साथ आली. गरिबांची मुलं उथळ पुरली जात, कुत्री प्रेतं उकरत. हे वैद्य त्या पुरण्याच्या जागी जात राहिले आणि उघडी पडलेली शरीरं पाहून नोंदी करत राहिले. त्यांनी १८३० मध्ये पुस्तक छापलं आणि पूर्वसूरींच्या चुका उघड दाखवल्या. एवढं धाडस, एवढा प्रामाणिकपणा. पण प्रेताच्या धमन्या रिकाम्या दिसतात, म्हणून त्यांनी ठरवलं की त्यांतून रक्त नाही, ‘ची’ वाहते. आणि छातीच्या तळाशी जमलेलं रक्त दिसलं, त्याला ते रक्ताचं कोठार समजले. त्या कोठारातलं साकळलेलं रक्त काढायचं म्हणून जो काढा त्यांनी बांधला, तो ‘श्वेफू झुयू’ काढा आजही चीनमध्ये छातीच्या दुखण्यावर सर्रास वापरला जातो. काढ्याचा काही उपयोग होत असेलही, पण ज्या कोठारासाठी तो बांधला ते कोठार शरीरात नाही.

वाहिन्यांचंही तसंच. शवविच्छेदनात, सूक्ष्मदर्शकाखाली, स्कॅनमध्ये त्या १२ वाहिन्या वेगळ्या रचना म्हणून सापडलेल्या नाहीत. म्हणून तुमच्या शरीरात कुठेतरी नळी तुंबली आहे आणि सुई टोचली की बोळा निघेल, असं चित्र मनात ठेवू नका. तुमच्या त्रासाची एक विशिष्ट ठेवण आहे, एवढंच ते निदान सांगतं. हृदयाच्या डॉक्टरांचा ब्लॉक वेगळा. तो अँजिओग्राफीत दिसतो, मोजता येतो, आणि तो सुईने किंवा काढ्याने उघडत नाही. खुद्द चीनमधल्या मोठ्या रुग्णालयांत हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला स्टेंट घालतात, त्याची रक्त पातळ करणारी औषधं देतात आणि जोडीला रक्त हलवणारी चिनी औषधं देतात. स्टेंट बाजूला ठेवून पुड्या देत नाहीत. तुमच्या वैद्यांनी छातीचं ऐकून ईसीजी काढून या असं सुचवलं का? सुचवलं असेल तर माणूस चांगला आहे. नसेल, तर मला ते आवडलं नाही.

सुयांचा उपयोग होतो का? दुखण्यावर थोडाफार होतो, असं मी प्रामाणिकपणे सांगेन. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर केलेली एक मोठी चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी, चिनी पद्धतीच्या नेमक्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना ठरवलेल्या निकषाइतका आराम होता. मुद्दाम बिंदू सोडून, वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के. आणि नेहमीची औषधं-व्यायाम घेणाऱ्यांपैकी फक्त २७.४ टक्के. हे तीन आकडे एकत्र वाचायला हवेत. सुया टोचून घेणाऱ्यांना फायदा झाला, पण सुई कुठे टोचली याने फारसा फरक पडला नाही. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेचंही असंच दुहेरी मत आहे: २०१६ मध्ये त्यांनी कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये म्हटलं, आणि २०२१ मध्ये दुसरं कारण न सापडणाऱ्या दीर्घकालीन वेदनेसाठी विचार करायला हरकत नाही म्हटलं.

सुई टोचल्यावर शरीरात जे घडतं त्यातलं बरंच मोजलेलं आहे. बीजिंगमध्ये हान जीशंग यांनी १९६५ पासून यावर काम केलं आणि सुयांमुळे शरीरातली अफूसारखी वेदनाशामक द्रव्यं स्रवतात, हे पुढे आलं. सुईभोवतीच्या त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या काही काळ रुंदावतात, आखडलेला स्नायू सैल होतो. शिवाय अर्धा तास फोनशिवाय उबदार खोलीत पडून राहणं, कुणीतरी आपलं सगळं ऐकून घेणं, हेही औषधच. मी ते कमी लेखत नाही. तुमच्या पत्रात तुमच्यासाठी असा अर्धा तास मला कुठे दिसला नाही.

तुमच्या बाबतीत बहुधा अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यातला हेगू आणि पायाच्या अंगठ्यालगतच्या बेचक्यातला ताइचोंग हे बिंदू घेतील. दोन हात, दोन पाय, मिळून चार दारं उघडणं असं ते म्हणतात. केसासारखी बारीक सुई असते. टोचल्यावर जड, बधिर, ताणल्यासारखी संवेदना पसरली की उपचार लागू पडला असं मानतात. याशिवाय जिथे दाबल्यावर ‘हाय’ निघतं तिथेही टोचतात. ही पद्धत सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ यांच्यापासून चालत आली आहे. तुमच्या खांद्यासाठी मला हीच जास्त पटते. एक सावधगिरी मात्र पाळा. खांद्याच्या माथ्यावर, मानेच्या बुडाशी जो बिंदू आहे त्याच्या खाली फुप्फुसाचं टोक येतं. तिथे खोल सुई नको, हे वैद्यांना स्पष्ट सांगा. बैठकीनंतर दम लागला किंवा श्वास घेताना छातीत टोचलं, तर घरी जाऊन आडवं पडू नका, थेट रुग्णालयात जा.

कपिंग आपल्याला नवं नाही. आपल्याकडेही पूर्वी तुंबडी लावायचे. पेल्यातली हवा ओढली की कातडी वर खेचली जाते, बारीक केशवाहिन्या फुटतात आणि गोल डाग उमटतो. डाग जितका काळा तितकं रक्त जास्त साकळलेलं, असं तुम्हाला सांगतील. तसं नाही. पेला किती जोरात आणि किती वेळ लावला, त्वचा किती नाजूक आहे, यावर रंग ठरतो. आखडलेल्या पाठीला त्याने तात्पुरतं मोकळं वाटतं, आणि आवडत असेल तर जरूर करा. पेल्याच्या जागी चिरे पाडून रक्त काढायचं म्हणाले, तर मात्र नको म्हणा. एसीत गार पडणाऱ्या बोटांवर मोक्सा, म्हणजे दवण्याच्या जातीच्या वाळवलेल्या पानांची धग, देऊ शकतील. धग बरी वाटेल, पण बोटं बधिर असताना भाजलेलं कळत नाही, म्हणून अंतर ठेवून.

खरी काळजी मला पुड्यांची आहे. गंमत म्हणजे त्यांतली काही औषधं तुमच्या घरात वावरलेली आहेत. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा हे ‘ची’ मोकळी करायचं त्यांचं मोठं औषध आहे. सोळाव्या शतकातले ली शिझेन त्याला बायकांच्या आजारांचा सरसेनापती म्हणतात. आपली हळद ‘ची’ आणि रक्त दोन्ही हलवते असं ते मानतात. करडईच्या लाल-केशरी पाकळ्या साकळलेल्या रक्तावरच्या काढ्यांत हमखास असतात. पण ओळखीचं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. यकृताची ‘ची’ अडली म्हटलं की सर्वांत आधी सुचणारं ‘श्याओयाओ सान’ हे सौम्य समजलं जाणारं औषध आहे, सोंग राजवटीच्या सरकारी औषधालयाच्या संग्रहातलं. त्यातही डांगग्वे आहेच. तुमची पाळी आधीच मागेपुढे होते आहे. रक्तस्राव जास्त होत असेल, हिमोग्लोबिन कमी निघालं, तर रक्त हलवणारी औषधं तुमच्यासाठी नाहीत. उलट आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. गर्भाशयात गाठ आहे का, अस्तर जाड झालंय का, हे सोनोग्राफीतच कळतं. आणि या पुड्यांबद्दलचे अभ्यास बहुतेक छोटे आणि कच्च्या रचनेचे आहेत, त्यांच्यावर विसंबून मी कुणाला महिनोन्महिने औषध घ्या म्हणणार नाही.

ब्रुसेल्सची गोष्ट मी माझ्या प्रत्येक रुग्णाला सांगते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका वजन उतरवण्याच्या केंद्रात चिनी वनस्पती असलेल्या गोळ्या दिल्या जात. एका मुळीच्या जागी नावात साम्य असलेली दुसरीच मुळी आली, ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेली. १०० हून अधिक बायकांची मूत्रपिंडं बिघडली, त्यांतल्या अनेकींची निकामी झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्यांना काही कुणी जाणूनबुजून विष दिलं नव्हतं.

म्हणून पुड्या घ्यायच्याच असतील तर प्रत्येक घटकाचं नाव लिहून मागा, चिनी लिपीत आणि रोमन लिपीतही. ते द्यायला वैद्य का-कू करत असतील तर तिथून औषध घेऊ नका. सिंगापूरमध्ये चिनी वैद्यांची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे आणि नोंदणी मंडळाची यादी कुणालाही पाहता येते. तुमच्या वैद्यांचं नाव तिथे शोधा. हाच प्रश्न महाराष्ट्रातून विचारणाऱ्यांसाठी: आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारा, त्यात संकोच कसला. भारतात ही विद्या आली त्यात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या पथकाचा धागा आहे. १९३८ साली जे पाच डॉक्टर चीनला गेले त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कोलकात्याचे डॉ. बसूही होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. बसू परतले, आणि पुढे पन्नाशीच्या दशकात पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले. त्यांनी कोलकात्यात ते सुरू केलं.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. वाताशिवाय शूळ नाही, असं सुश्रुतसंहितेत आहे, आणि मार्ग अडला की वात कोपतो ही आपल्याकडची कल्पना चिनी विचाराच्या बरीच जवळ जाते. पण दोन्ही वैद्यकांची औषधं, मात्रा, निदानाचे नियम वेगळे आहेत. म्हणून चिनी पुड्यांबरोबर घरातला आयुर्वेदिक काढा सुरू करू नका. त्रास झालाच तर कशाने झाला, ते कुणालाच सांगता येणार नाही.

पहाटेच्या जागेबद्दल. एक ते तीन ही यकृताची वेळ, म्हणून जाग येते, असं चिनी घड्याळात बसतं. मी त्यावर विसंबत नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळी मागेपुढे होत असताना झोप मध्यरात्रीनंतर तुटणं हे रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर अतिशय सामान्य आहे. अंगातून वाफा येतात का, घाम येतो का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. त्यावर चांगले उपचार आहेत आणि त्यासाठी बायकांनी वर्षानुवर्षं जागत बसण्याचं काहीच कारण नाही.

पॅकेज मात्र आत्ता घेऊ नका. तपासण्या ठीक आल्या, की चार-पाच बैठका एकेक करून घ्या, फक्त सुयांच्या, खांद्यासाठी. रोज रात्री खांद्याचं दुखणं शून्य ते दहामध्ये किती होतं आणि झोप किती लागली, हे एका वहीत लिहा. पाचव्या बैठकीनंतर वहीत फरक दिसला तर पुढे जा, नाही दिसला तर थांबा. त्याच काळात खुर्ची आणि स्क्रीनची उंची बदला, दर तासाला उठा, ऑफिसात हातमोजे आणि शाल ठेवा. सिगारेट ओढत असाल तर सोडा, तिने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात. आणि सकाळी तुमच्या इमारतीखाली किंवा जवळच्या बागेत चिनी आजी-आजोबा हात हळूहळू वर नेत, कमरेत वळत व्यायाम करताना दिसतील. त्यांत बाद्वानजिन नावाची आठ हालचालींची मालिका असते, १०-१५ मिनिटांची. चिनी वैद्यकातलं हे मला सगळ्यांत निःशंकपणे सांगावंसं वाटतं. खांदे उघडतात, श्वास लांबतो, पैसे पडत नाहीत, आणि कुठल्याही गोळीशी त्याचं वाकडं नाही. कुणी परकी बाई मागच्या रांगेत येऊन उभी राहिली तर ते हसून जागा करून देतात. सासऱ्यांना झेपेल तेवढ्या, दम न लागणाऱ्या हालचाली त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारून करता येतील. त्यांना पुड्यांऐवजी सोबत तिथे घेऊन जा.

ईसीजी आणि रक्ताचे अहवाल हाती आले की मला पुन्हा लिहा, सोबत वैद्यांनी दिलेली घटकांची यादी जोडा.